उसनवारी

फळ्यावर लिहिलं: बॉरो, उसने घेणे.
शेजारी लिहिलं: लेंड, उसने देणे.
आठवी ब ने उतरवून घेतलं
आणि दहाच मिनिटांत तसनीम सोलकर उभी राहिली,
'सर, बॉरो मी युअर पट्टी.'

चूक तिची नव्हती.
आपल्याकडे उसनं एकच,
मागे बसलेलं घेणं नाहीतर देणं
सुकाणूसारखं त्याचं तोंड फिरवतं.
इंग्रजीला दोन होड्या लागतात,
आणि मुलं हमखास
उलट्या जाणाऱ्या होडीत चढतात.

म्हटलं, उदाहरणं सांगा.
हेरंब दोरकर म्हणाला,
बाबांनी खोल पाण्यात असताना वायरलेसवरून
दुसऱ्या बोटीकडे बर्फ मागितला. चार पाट्या.
परत केला का?
'केला सर. पण तो बर्फ तो नव्हता.'
माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात याला उत्तर नाही.

कुणीतरी म्हणालं, वजाबाकी.
बावन्न वजा सतरा.
दोनातून सात जात नाहीत,
म्हणून शेजारच्या पाचाच्या दारात जायचं.
पाचाचा चार होतो
आणि चारच राहतो.
एवढ्या वर्षांत कुठल्याही गुरुजींनी
तो दहा परत नेऊन दिल्याचं ऐकिवात नाही.

मग मीही जरा शहाणपणा केला.
सांगितलं, भाषासुद्धा उसनं आणते.
चावी, बादली, बिजागरी,
फिरंग्यांच्या गलबतांतून उतरलेली.
रोज संध्याकाळी हर्णैच्या वाळूवर
तुमच्या आया ज्यात गळा बसेस्तोवर ओरडतात
तो लिलावही.
'पगार पण?'
पगार पण.
'मग परत कधी द्यायचं सर?'
वर्ग हसला. मीही हसलो,
कारण महिन्याची सव्वीस तारीख होती.

किनाऱ्याकिनाऱ्याने खोलीवर निघालो.
गेल्या आठवड्यात समुद्राने माझी डावी चप्पल नेलेली.
आज त्याच जागी एक आणून ठेवली होती,
कुणाची तरी उजवी, नऊ नंबरची,
अंगठ्याला शेवाळ.
त्याच्या लेखी फिटलं असावं.

दूध तापत ठेवलं.
मिरजेहून नवा आलो तेव्हा
भिंतीपलीकडच्या द्वारकाबाई पावसेंकडे
विरजण मागायला गेलो होतो, नेमका दिवेलागणीला.
'आता नाय देत मास्तर, दिवा लागला.'
दार लोटलं त्यांनी. मला राग आला होता.
सकाळी सहाला त्याच दारात उभ्या,
स्टीलची वाटी, वर केळीच्या पानाचा तुकडा.
वाटीच्या कडेला टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. द्वारका हिस, मामाकडून, १९७९.

वाटी रिकामी परत करायची नाही,
एवढं आईने शिकवलेलं.
आत काय घालावं ते ठरेना.
घरून शेंगा येऊ देत म्हटलं.
शेंगा आल्या तेव्हा पलीकडे कुलूप,
मुलगा त्यांना उरणला घेऊन गेलेला.
शेंगा मीच खाल्ल्या, भाजून,
तीन-चार दिवस पुरवून.

त्याला तीन वर्षं झाली.
रोज रात्री कालच्या दह्यातलं चमचाभर
आजच्या दुधात.
पावसाळ्यात आंबट होतं, थंडीत लागत नाही,
वाटी टॉवेलात गुंडाळून ठेवतो.
कितीदा तरी वाटलं, उरणचा पत्ता काढावा.
पण घेऊन काय जाणार? वाटी?
की आजचं दही, ते तर
हेरंबच्या बाबांच्या बर्फासारखं.

दारावर थाप पडली.
हेरंबच, हातात पेला.
'सर, आईने थोडं विरजण मागितलंय.'
बाहेर बोटींवर एकेक बल्ब लागत होता.
'आता नाय देत रे,' मी म्हणालो, 'दिवा लागला.
सकाळी आणून देतो.'

तो गेला तरी मी दारातच.
मिरजेत आमच्या घरी
कुणीही, कधीही,
नाय म्हणत नाही.