दीड सेकंद

प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते
हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं.
दीड सेकंद.
अनगोळकरांनी माझ्या राउंडला मागे उभं राहून मोजलं,
मोबाईलच्या घड्याळावर, आठ वेळा,
आणि 'रागावू नका मॅडम' म्हणत चिठ्ठी पुढे सरकवली.
दीड सेकंदानंतर उत्तर मीच देते.
वर म्हणते, एवढंही येत नाही?

शनिवार होता. बेळगावच्या आमच्या कॉलेजात
लायब्ररीवरच्या खोलीत आम्ही चौदा जण,
भूल देणारे, हाडं जोडणारे, बाळंतपणं करणारे,
शिकवायचं कसं ते शिकायला बसलो होतो,
हाताच्या घड्या घालून, परीक्षेला बसवल्यासारखे.
मुचंडी म्हणाले, आम्हाला कुणी शिकवलं होतं काय?
शिकलोच की आम्ही.

शिकलो की.
मी कडोलकर सरांकडे शिकले.
त्यांनी फेकलेला चिमटा माझ्या कोपराला लागला
तेव्हा टेबलावर गोकाकची एक बाई होती,
कंबरेखाली बधिर, बाकी लख्ख जागी.
तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.
सरांचा हात सोन्याचा, हे खरं.
आणि हेही खरं, की पुढची तीन वर्षं
मला काय येत नाही
ते मी कुणालाच सांगितलं नाही.
त्याची किंमत कुणी भरली
याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

मग विद्याश्री.
मार्चात, तिच्या अकराव्या सिझरला,
मूत्राशयाला चीर गेली, बोटाच्या पेराएवढी.
मी शिवली. सही माझी.
बाहेर चिकोडीचे सासरे उभे होते, टोपी हातात धरून.
मी माझ्या मोडक्या कन्नडात म्हटलं,
तप्पु नम्मदु. चूक आमची.
ते स्वच्छ मराठीत म्हणाले,
आमची म्हणजे नेमकी कुणाची, बाई?

विद्याश्रीला मी सांगितलं, घरी जा, जेव, झोप.
मला कुणी झोप म्हटलं नाही.
पार्किंगात गाडी चालू करून
मी वायपर बघत बसले.
काच कोरडी होती.
शिकणाऱ्याच्या चुकीखाली जो उभा असतो
त्याला उभं राहायला काय असतं?
तेव्हा काही नव्हतं.

आता गुरुवारी असतं. ब्लड बँकेशेजारच्या खोलीत
अर्धा तास, चहा, कधी कुणी कॅम्पातून कुंदा आणतं.
दार लावून आम्ही सांगतो
या आठवड्यात कुणावर ओरडलो, आणि का.
मुचंडीही येतात. म्हणतात, चहासाठी येतो.
मागच्या खेपेला वीस मिनिटं तेच बोलले
आणि त्यांचा चहा तसाच राहिला.
अर्ध्या तासाचा हा वेळ ड्युटी चार्टात अजून लिहिलेला नाही.
डीन साहेब बघतो म्हणालेत.

काल रात्री दोनला खानापुराहून बाई आली,
आधीची दोन सिझरं, आत सगळं चिकटलेलं.
चाकू विद्याश्रीकडे.
मी समोर, ग्लोव्हज घातलेले हात छातीशी धरून.
विचारलं, आता पुढे काय?
आणि मोजू लागले.
एक. दोन.
तीनला उत्तर माझ्या जिभेवर आलं.
चारला बोटं आपोआप पुढे निघाली, मी परत ओढली.
पाच. भूलवाल्या पोरानं माझ्याकडे बघितलं,
मॅडमना बरं नाही की काय.
सहा.

'मूत्राशय आधी सोडवून खाली घेते,' ती म्हणाली,
'पण ही जागा मला ओळखू येईना.
तुम्ही बघा मॅडम.'

ओळखू येईना.
हे तीन वर्षांत मी एकदाही म्हटलं नव्हतं.
मी वाकून बघितलं. बोटानं दाखवलं.
मग रिट्रॅक्टर धरून गप्प उभी राहिले.
फार अवघड असतं ते, चिमटा फेकण्यापेक्षा.

पहाटे अनगोळकरांना मेसेज टाकला: सहा.
सव्वा सातला उत्तर आलं,
काय सहा, मॅडम? राउंड तर आठला आहे ना?