आकडा

तुर्भ्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं
मी फळं बनवली, फळांशिवाय.
केळं तीन नंबरच्या टाकीत, अननस पाच नंबरच्या,
निळ्या ड्रमवर चिकटपट्टी, पट्टीवर माझं अक्षर.
घरी आलो की धाकटी म्हणायची,
बाबा, आज तुम्ही फणस.

मग नाक गेलं.
एकदम नाही. आधी पेरू गेला, मग आंबा,
शेवटी रॉकेल.
डॉक्टर म्हणाले, होतं असं.
कारखाना काहीच म्हणाला नाही.

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरापुढे तेव्हा हातभर माती होती.
घणसोली गावातल्या द्वारकाबाई म्हात्रेंनी
ओल्या फडक्यात गुंडाळून रोप दिलं :
"हिरवा चाफा हाय. फूल दिसाचा नाय तुला, वासावर जा."
त्यांना काय माहीत.
मी मान हलवली आणि खड्डा खणला.

नावाचा चाफा, जात सीताफळाची.
वेल म्हणावी तर झाड,
झाड म्हणावं तर खिडकीच्या गजांत हात.
फूल येतं त्या देठालाच वाकडा आकडा :
आधी धरायचं, मग फुलायचं.
फूल गळतं. आकडा राहतो
लाकूड होऊन, गजाला धरून.

मी बोटांनी शोधतो.
आकड्यावरून बोट पुढे नेलं की सहा जाड पाकळ्या,
थंड, पानाच्याच रंगाच्या.
पिवळ्या पडल्या की वास सुटतो, म्हणतात.
मी वहीत लिहितो : मंगळवार, दोन. गुरुवार, एक, किडकं.
वासाचा रकाना रिकामा.

परवा ग्रिल रंगवायला मुंब्र्याचा तौफिक आला.
खरवडताना म्हणाला, काका, हे आकडे निघत नाहीत,
कापू का?
मी तोंड उघडायच्या आत तोच थांबला,
पत्री हातात तशीच.
"आत कुणी अननस कापलाय?"

आत कुणी नव्हतं.
मी विचारलं, नुसता अननस?
त्यानं डोळे मिटले.
"केळं पण आहे, जास्त पिकलेलं.
आणि खाली काहीतरी... आपल्या थिनरसारखं."

पाच नंबर. तीन नंबर.
आणि तळाशी ते, जे आम्ही सगळ्यात शेवटी
चमचाभर घालायचो,
फळ खरं वाटावं म्हणून.

म्हटलं, आकड्यांवरूनच मार रंग.
आता ते निळे आहेत, तेलकट,
गज कुठे संपतो कळत नाही.
वहीत मंगळवारच्या पुढे
पहिल्यांदाच काही लिहिलं.
अक्षर ड्रमवरचंच आलं.