कारणाचा रकाना

होळी विझली की आमच्या पाड्यावर
माणसं वर बघत चालतात.
मोहाला तेव्हा पान नसतं, नुसते घोस,
आणि पहाटे चारनंतर टप्, टप्,
कुणी अंधारात पैसे मोजत बसल्यासारखं.

खाली पाचोळा, घोट्याएवढा.
सागाचं पान पापडासारखं वाजतं,
त्यात फूल पडलं की गेलं.
म्हणून काडी.
बापानं लावली, त्याच्या बापानं लावली,
मीही लावली, नऊ वर्षांचा असताना,
झाडाखालची चार हात जमीन काळी करायला.
त्या चार हातांचं पुढं काय झालं
ते खाली शहाद्यातून तीन रात्री दिसत होतं.
सातपुड्यानं साखळी घातली गळ्यात,
बाजाराला आलेले म्हणाले.

गार्ड आला, वही उघडली.
दिनांक. कक्ष क्रमांक. क्षेत्र.
कारण: अज्ञात.
माझे हात कोपरापर्यंत काळे होते.
त्यानं मला बिस्किटाचा पुडा दिला.

आता ती वही माझ्याकडं असते.
फायर वॉचर, तीन महिने, रोजंदारीवर.
एक शिट्टी, एक टॉर्च,
बुटांचा जोड, दोन्ही डाव्या पायाचे.
माघात जाळरेषा काढली आम्ही
कड्यापासून नाल्यापर्यंत, बैलगाडी जाईल एवढी रुंद.
गिंबी कोयता टेकून म्हणाली,
डोंगराचा भांग पाडलास,
आता उवाही तूच वेच.

रुमलीबाई मात्र ऐकेना.
साहेबाच्या कागदावर मोह पडतो का रे?
झाडायला दोन तास लागतात,
माझे गुडघे तुझं खातं देणार?
मी गप्प.
सभेत सांगायच्या गोष्टी मला पाठ होत्या,
गुडघ्यांचं त्यात काही नव्हतं.

मग गिंबीचा मामा आला नर्मदेकडून.
त्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली, तो वर, होडीत.
विटलेली, फाटकी मासेमारीची जाळी
त्यानं पाठीवर बांधून आणली
कारल्याच्या वेलाला होतील म्हणून.
रुमलीबाईनं एक उचललं,
मोहाखाली चार खुंट्यांना ताणलं
आणि पहाटे येऊन नुसती टोकं धरली.
वास मासळीचा, माल फुलांचा.
जाळाऐवजी जाळं, ती म्हणाली,
आणि स्वतःच हसली, दात नसलेलं.

चैत्रात वणवा आलाच.
आमच्या बाजूनं नाही, धारेपलीकडून,
आधी वास, मग बांबू फुटल्याचे आवाज,
मग घाबरलेला एक ससा माझ्या पायांमधून.
ओल्या फांद्या घेऊन चौदा जण उभे राहिलो भांगावर.
वारा पडेपर्यंत उलटी आग सोडायची नाही
एवढंच मी ओरडत होतो, शिट्टी कधीच हरवली होती.
रेषा टिकली.
नाल्यापाशी नाही टिकली,
तिथं झाडलेल्या जागी पुन्हा पानं पडली होती
आणि मी आठ दिवस तिकडं गेलो नव्हतो.
दोन हेक्टर गेलं. चारोळीची रांग गेली.
रुमलीबाईचा मोह एका अंगानं काळा.
ती मला काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं.

उजाडताना नाल्यात पोरगा सापडला, धारेपलीकडचा.
टोपीत ओंजळभर फुलं,
हात कोपरापर्यंत.
नाव विचारलं तर थुण्या एवढंच म्हणाला
आणि टोपी पाठीमागं लपवली.

वही उघडली.
दिनांक, कक्ष, क्षेत्र लिहून झालं.
कारणाच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकलं,
शाईचा ठिपका पडला.
मग लिहिलं:
फूल दिसत नव्हतं.

साहेब खोडतील, खोडू दे.
उरलेल्यातलं एक जाळं खांद्यावर टाकलं,
पोराला म्हटलं, चल, पुढं हो.
त्याचं झाड किती लांब ते त्याला सांगता येईना,
वर बोट दाखवत राहिला
जिथून अजून धूर येत होता.