संमतीपत्र

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं:
आतलं अस्तर सैल पडून दुमडलंय,
ओल्या जाळ्याचा घोळ होतो तसं.
जादाचं कापायचं, टाके घालायचे.

वीस वर्षं इसबगोल, एरंडेल,
पहाटे दाराआड तासभर बसणं,
बाहेरून दिराची हाक, "वहिनी, झालं काय?"
बंदरावर बाया सगळं बोलतात,
हे नाही.

मग बाईंनी धोके वाचले:
रक्त जाईल, पू धरेल, कळ राहील,
लागली की धरवणार नाही,
काहींचं पुन्हा होतं तसंच.
"किती जणांचं?"
त्या थांबल्या. ते थांबणं मला पटलं.
"तुमचं काय होईल, ते नाही सांगता येत, शालनताई."

सही केली,
टोपलीचा तळ न बघता बोली लावावी तशी.

आठ महिने झाले.
पहाट दहा मिनिटांत सुटते, खरंच.
पण हर्णैच्या भर लिलावात
सुरमईचा भाव चढत असताना
पोटातून एकदम बोलावणं येतं
नि मी पाटी तिथंच टाकून
ओच्याला धरून पळते.

नणंद विचारते, "मग परवडलं का गं?"
मी बर्फ फोडत राहते.
पिशवीत हल्ली एक जादा लुगडं असतं,
बहुतेक दिवस
घडी न मोडता घरी येतं.