वॉशर

बावीस वर्षं मी संगमरवरी कॉरिडॉरमधून चालले.
बुटांच्या टाचा किती झिजल्या, मोजल्या नाहीत.
वॉशिंग्टनच्या त्या इमारतीत
सभासदांची लिफ्ट वेगळी,
आम्ही शब्द विकणारे जिन्याने.

कलम सात, उपकलम ब:
‘निधी देता येईल.’
मला हवं होतं: ‘निधी द्यावा लागेल.’
बस, एवढंच.
क्रियापदाच्या शेपटासाठी अकरा महिने.
समितीचा सव्वीस वर्षांचा मदतनीस, ब्रॉडी,
सॅलडचा डबा उघडत म्हणायचा,
भाषा जरा मऊ ठेवूया का?
मी मान हलवायचे.
आपलं म्हणणं समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं
आणि वर त्याचेच आभार मानायचे,
हा माझा पेशा.

चिक्वावाला मी दोनदाच गेले.
पहिल्यांदा शिरे नदी नुकती ओसरली होती,
झाडांच्या खोडांवर छातीएवढी चिखलाची रेघ.
हातपंपाला तिथे म्जिगो म्हणतात.
दांडा वर-खाली होत होता, पाण्याचा पत्ता नव्हता,
दांड्याला लोंबकळणारी दोन पोरं मात्र खुशीत.
एनिफाने पान्याने झाकण उघडलं,
एकेक सळई ओढून काढली
आणि तळातून निघालेलं काळं रबर
माझ्या तळहातावर ठेवलं.
बांगडीहून लहान, अंगठीहून मोठं. फाटलेलं.

लेफानी दुभाषी होता. म्हणाला,
ती विचारते, असं एक मिळेल का?

मी बोलले. प्राधान्यक्रम, पुढचं आर्थिक वर्ष,
स्थानिक क्षमता, असं बरंच काही.
लेफानी माझ्याकडे बघत राहिला
आणि मग चिचेवात
एकच शब्द बोलला.

एनिफा हसली.
चितेंजेच्या टोकाला हात पुसले,
हात कोरडेच होते.

अहवालाच्या चौदाव्या पानावर तिचा फोटो छापला,
खाली ‘लाभार्थी’.
तो फोटो मी चाळीस कार्यालयांत दाखवला,
दोघांचे डोळे भरून आले, त्यातला एक तर अर्थखात्याचा.
शेवटी कलम मंजूर झालं.
‘निधी द्यावा लागेल’,
आणि पुढे, रात्री उशिरा कुणीतरी डकवलेलं,
‘उपलब्धतेनुसार’.
पाणी कुठे मुरतं ते मला त्या रात्री कळलं.
तरी आम्ही केक कापला.
मीच कापला.

ते फाटकं रबर टेबलाच्या खणात आहे, टाचण्यांमध्ये.
चौदाव्या रस्त्यावरच्या दुकानात एकदा दाखवलं होतं,
दुकानदार म्हणाला, हे माप आमच्याकडे येत नाही.

दुसऱ्या खेपेला मी चाळीस वॉशर घेऊन गेले, कुठून कुठून मागवून.
पंप चालू होता.
तुम्ही गेलात ना, लेफानी म्हणाला,
त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने जुन्या चपलेतून एक कापून बसवलं.
गळतं थोडं.
एनिफाने माझी पिशवी घेतली, मोजून ठेवली,
मला नसीमा वाढला, मासळी वाढली,
आणि पंपाचा विषय काढला नाही.

चौदावं पान मी अजून दुरुस्त केलेलं नाही.
त्यात पंप बंदच आहे,
बंद पंपाला मतं पडतात.

उद्या दहाला सुनावणी. या वेळचा शब्द: ‘तातडीने’.
ब्रॉडीचा निरोप आलाय,
‘यथावकाश’ चालेल का?

लेफानीला लिहायला घेतलेलं पत्र
चार दिवस एकाच ओळीवर अडलंय:
त्या दिवशी माझ्या एवढ्या बोलण्याचा
तू तिला कोणता शब्द सांगितलास?