चौऱ्याण्णव पानं

तैस्तो केमीच्या कागद गिरणीत कामाला.
पुस्तक निवडतो ते आधी अंगठ्याने कागद चाचपून.
नोव्हेंबरात मी त्याला एक जाडजूड दिलं,
मुलं वाढवण्यावरचं, मनाच्या चिवटपणावरचं.
बायको ओउलूला निघून गेली, त्याच महिन्यात.

काल परत आणलं. पाच आठवडे उशिरा.
दंडाची नाणी मोजता मोजता विचारलं,
वाचण्यासारखं आहे का?

'चौऱ्याण्णव पानं,' तो म्हणाला.
'रागावलेल्या मुलाशी कसं बोलावं, तो धडा चालू होता,
आणि आउने दाराला लाथा घालत होती.
थांब गं, म्हटलं, एवढा धडा संपू दे.'

हसला. हसू अर्ध्यातच सांडलं.

'मग लाथा थांबल्या.
तसली शांतता पुस्तकात कुठेच नव्हती.
दार उघडलं, उंबऱ्यात बसलो तिच्या शेजारी.
एक बूट तिच्या पायात, एक हातात.
बोललो काहीच नाही, उजाडेपर्यंत.
म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात
बराच वेळ.'

तो गेल्यावर पुस्तक फळीवर ठेवताना दिसला
मागच्या पुठ्ठ्यावर वाळलेला
इवल्या बुटाचा ठसा.
फडकं ओलं करून आणलं होतं.
तसंच पिळून वाळत घातलं.