दार उघडू नका

दुपारी अडीच. शुवैखच्या गल्लीत पत्र्यालाही धाप लागलेली.
सुधीशने शटर अर्ध्यावर ओढलं होतं,
त्याच्याखालून आधी आवाज आत आला,
मागून पांढरी निसान पॅट्रोल.

सायलेन्सर पोराचा. चालवणारा बाप.
बू मिशाल म्हणतात त्याला;
इथे बापाला पोराच्या नावाने हाक मारतात.
(मला मुलगीच आहे, दापोलीला. मी नुसता मुकादम.)

"कंपनीने दिली तशी करून दे,"
मोडक्या हिंदीत, आणि तळहात हवेत सपाट, खाली, आणखी खाली.
मिशाल कुठंय, मी विचारलं नाही.

खणात ट्यूनिंगची डबी होती,
साबणाच्या वडीएवढी, कडा बोटांनी झिजलेल्या.
चौदा महिने कुणी जोडली नव्हती.
लॅपटॉपला लावली तर म्हणाली, आधी मलाच अपडेट करा,
जुन्या फायली पुसल्या जातील, चालेल?

पाच फायली. मी उतरवून घेतल्या.
बंदर. रस्ता सात. थंडी. थंडी दोन.
पाचवीचं नाव अरबीत: अबूय नायम.
बाबा झोपलेत.

मग चार्जर लावला. साडेतेरा व्होल्ट, खाली नको.
दिवे बंद. एसी बंद. मध्येच तुटलं तर डबीची वीट होते,
आणि दार उघडू नका:
दार उघडलं की झोपलेले सगळे कंट्रोलर खडबडून उठतात.

हे सांगायला गेलो तर तो आतच बसलेला,
पोराच्या सीटवर, सीट मागे सरकवलेली तशीच,
पाय जेमतेम ब्रेकला पोचत होते.
म्हटलं, बाहेर या, मग सुरू करतो.
म्हणाला, सुरू कर.

एक टक्का. चार. चार. चार.
पोर्ट ढिलं, म्हणून शेजारच्या सीटवरून
त्याच्या गुडघ्यांवर वाकून
केबल अंगठ्याने दाबून धरली मी.
सतरा.
त्याच्या दिशदाशाला ऊद, माझ्या शर्टाला गिअर ऑइल,
आणि दोघांचा घाम एकाच वासाचा.
एकोणचाळीस.
आरशाला लटकवलेली तसबीह हलत नव्हती.
तोही हलत नव्हता. फक्त एकदा
स्टीअरिंगवरची झिजलेली जागा
नखाने खरवडून पाहिली, डाग आहे का म्हणून.
नव्हता डाग.

अकरा मिनिटं.
शंभर झाल्यावर अंगठा सरळच होईना.

लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.
कंपनीची फाइल वर. त्याखाली त्या पाच.
चश्मा नव्हता, म्हणून स्क्रीन नाकाला लावून वाचलं त्याने,
ओठ हलवत, लहान मुलासारखं.
"ही पाचवी काय करते?"
नकाशा उघडून पाहिला मी.
आयडलिंग खाली. फटाके बंद. दोन हजारांच्या वर जातच नाही.
"घरी येताना," म्हटलं, "गल्लीत शिरल्यावर."

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.
मग तळहात नाही, एक बोट पुढे आलं.

पैसे टायरच्या ढिगावर ठेवून गेला, मोजले नाहीत.
सुधीश आतून ओरडला,
काय रे, सुरू होत नाहीये का अजून?
मी शटरखालून वाकून पाहिलं.
रस्ता रिकामा.